आजीच्या कागदांवरच्या तारखा जुळत नाहीयेत, कोणी सांगेल का

मोहननगरची नात
नमस्कार मंडळी. माझी आजी (आईची आई) मागच्या महिन्यात गेली, वय 91, शेवटपर्यंत डोकं एकदम शाबूत. रविवारी उपासनेनंतर स्मरणसभा आहे आणि जीवनवृत्त मीच वाचायचं असं घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलं. आजी शिक्षिका, आजोबा पण, दोघं नागपूरहून इथिओपियाला गेले, देसी नावाच्या गावी सरकारी शाळेत. आई आणि मामा मात्र इथेच पणजीकडे राहिले.

आता घोळ असा की पेटीतून नेमणुकीचा कागद निघाला त्यावर मस्करम 1, 1959 असं काहीतरी आहे. मामा म्हणतो झालं, 1959 लाच गेली. अरे पण आईचा जन्म 1961 चा आणि तोही नागपूरचा! शाळेतली नोकरी सोडल्याचा दाखला 1968 चा, आणि पासपोर्टवर परत आल्याचा शिक्का 1976 चा. मधली 8 वर्षं आजी कुठे होती मग? डायरीत पण "शाळा 2 ला, आज सगळे अंधारात उठलो" असलं लिहिलंय. त्यात बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, आम्ही तर सीएनआयवाले (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). घरात नुसती भांडणं होऊन राहिली.

जुना मास्तर
अहो ताई, मामा पण बरोबर आणि आई पण बरोबर 😄 इथिओपियाचं कॅलेंडर वेगळं, आपल्या इंग्रजी सनाच्या 7-8 वर्षं मागे चालतं. त्यांचं नवीन वर्ष साधारण 11 सप्टेंबरला लागतं. सप्टेंबर ते डिसेंबरमधली तारीख असेल तर 7 मिळवा, जानेवारीपासून पुढची असेल तर 8. मस्करम हा पहिला महिना, म्हणजे तुमचा नेमणुकीचा कागद 11 सप्टेंबर 1966 चा. दाखल्यावर महिना कोणता आहे? हमले असेल तर जुलै 1976, पासपोर्टशी बरोबर जुळतं. आणि महिने 13 आहेत, शेवटचा फक्त 5 नाहीतर 6 दिवसांचा, तेव्हा 13वा महिना दिसला तर कारकुनाची चूक समजू नका.

घड्याळाचं पण तसंच. तिकडे दिवस सकाळी 6 पासून मोजतात, त्यांचे 2 म्हणजे आपले 8. माझे काका त्याच सुमारास तिकडे गणित शिकवायला होते, परत आल्यावर सुद्धा वेळ सांगताना अडखळायचे.

सदर कॉर्नर
चर्चचं मी सांगतो. सीएनआय स्थापनच झालं 29 नोव्हेंबर 1970 ला, ते पण आपल्या नागपुरात, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये. त्याच्या आधी युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया होतं, 1924 पासून, प्रेस्बिटेरियन वगैरे मंडळी त्यात, आणि कॅथेड्रलवाले अँग्लिकन वेगळे. एकूण 6 मंडळ्या एक झाल्या. मेकोसाबागचे मेथॉडिस्ट आले नाहीत, म्हणून ते आजही वेगळे. तर आजीने चर्च बदललं बिदललं काही नाही, चर्चचंच नाव बदललं आणि तेव्हा ती तिकडे होती. जन्मदाखल्यावर सी.पी. अँड बेरार (जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड) असेल तर त्यावरून पण भांडू नका बाप्पा, 1960 पर्यंत आपण महाराष्ट्रात नव्हतो.

मोहननगरची नात
महिना हमलेच आहे!! थँक्यू थँक्यू. आत्ताच मामाला फोन केला, तो म्हणे "मी तेच तर म्हणत होतो" 🙄

अजून एक. आजी बुधवारी आणि शुक्रवारी दूधसुद्धा घ्यायची नाही, आम्हाला वाटायचं पोटाचा त्रास आहे. आणि दरवर्षी 7 जानेवारीला करंज्या करायची, डिसेंबरमध्ये केल्या असल्या तरी परत. हे पण तिकडचंच का?

जुना मास्तर
तिकडचंच. तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बुधवार-शुक्रवार उपास, मांस नाही, अंडी नाही, दूध-तूप पण नाही. आणि त्यांचा नाताळ 7 जानेवारीला. आपले प्रोटेस्टंट लोक असले उपास करत नाहीत सहसा, म्हणजे आजींनी शेजारपाजारच्या बायकांकडून घेतलं असणार आणि 40-50 वर्षं कोणाला न सांगता पाळलं. मी तर म्हणतो नोकरीच्या तारखा एका ओळीत उरका आणि हे सविस्तर वाचा.

वैदर्भी
मी जरा वेगळं बोलते, राग मानू नका. "परदेशात सेवा केली" हे वाक्य प्रत्येक स्मरणसभेत असतं. आजी तिकडे गेली तेव्हा तुमची आई 5 वर्षांची आणि परत आली तेव्हा 15 ची. ते वाचणार का? की ती 10 वर्षं पणजीने निभावली तिचं नावही येणार नाही?

मोहननगरची नात
काहून जी, एकदम वर्मावर बोट ठेवलं. मामा म्हणतो तो विषय नको, लोक काय म्हणतील. आई म्हणते वाच, सगळं वाच. आई सांगते की आजी रजेवर आली की पहिले दोन दिवस हा पणजीच्या मागे लपायचा, आणि आता हाच मामा तिच्या नेमणुकीच्या कागदासाठी भांडून राहिलाय.

पत्रं आहेत एक पिशवीभर. 1973 चं एक आहे, वोलो प्रांतात दुष्काळ पडला तेव्हाचं, देसी तिथलंच मुख्य गाव. लिहिलंय की खेड्यातली माणसं रस्त्याच्या कडेला येऊन बसतात, शाळेत पोरांना डबा उघडवत नाही, आणि रेडिओवर त्यातलं काही सांगत नाहीत. त्याच पत्रात खाली आईला दटावलंय, पाढे कच्चे आहेत असं आजी (म्हणजे माझी पणजी) कळवते, रोज म्हण. 1974 च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या बादशहाला गादीवरून काढलं, मग वरच्या वर्गातल्या मुलांना सरकारने खेड्यापाड्यात पाठवून दिलं, आजी रिकाम्या बाकांसमोर बसून राहायची म्हणे, तरी लगेच परत नाही आली. का नाही आली ते कोणत्याच पत्रात नाही.

वैदर्भी
ते पाढ्यांचं पत्र वाचाच. आणि "का नाही आली" हे आईला सभेच्या आधी विचारा, माइकसमोर नको.

मोहननगरची नात
विचारलं आज. म्हणे "मला वाटतं तिला तिथे जास्त आवडायचं", आणि मग भाजी निवडायला बसली. हे वाचू का नको ते अजून ठरलं नाही. पाळकांनी 5 मिनिटं दिलीत, आता ती 10 करून मागते.