वृद्धाश्रमातला कोविड : पुढच्या साथीसाठी वहीत काय लिहून ठेवाल?

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या आश्रमांची फाटकं बंद झाली. काय सोसलं ते पुष्कळ सांगून झालंय. या धाग्यावर नर्सिंग, सफाई, यंत्रदुरुस्ती आणि कागदपत्रं बघणाऱ्यांना मुद्दाम बोलावलंय. काय करायचं, किती करायचं आणि कुठं फसतं, एवढंच लिहा. मोघम नको, आकडे द्या.

नर्सिंग, निपाणी

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसता ताप बघत बसणं. ऐंशीच्या माणसाला ताप चढेलच असं नाही. १०० फॅरेनहाइटची रेघ फाटकावर आलेल्या पाहुण्याला ठीक आहे, आतल्या अज्जीला नाही. तिचं रोजचं तापमान ९७ असेल तर ९९ हा तिला ताप आहे. म्हणून सगळं ठीक असताना आठवडाभर प्रत्येकाचं तापमान, नाडी आणि ऑक्सिजन टिपायचं आणि नेहमीचा आकडा त्याच्या पानाच्या डोक्यावर लाल शाईनं लिहायचा. त्याच्यावर २ अंश फॅरेनहाइट गेलं की ताप धरायचा.

ताप नसताना दिसतं ते असं : ताट तसंच परत येतं, माणूस एकाएकी पडतो, अंथरूण ओलं होतं, किंवा काल नीट बोलणारा आज सकाळी भ्रमल्यासारखं बडबडतो. यातलं एक जरी अचानक दिसलं तरी आधी ऑक्सिमीटर लावा. ‘वयच झालंय, चालायचंच’ म्हणण्यात दोन दिवस जातात आणि तेच दोन दिवस नडतात.

ऑक्सिमीटर गार बोटाला खोटं बोलतो. तळवे चोळून गरम करा. नेलपॉलिश किंवा काळी मेंदी नसलेलं मधलं बोट घ्या, हात छातीशी टेकवा, मिनिटभर थांबा आणि मग स्थिरावलेला आकडा लिहा. यंत्रावरची नाडी मनगटावर मोजलेल्या नाडीशी जुळत नसेल तर ऑक्सिजनचा आकडाही धरू नका. ९४ च्या खाली गेलं की डॉक्टरांना फोन. फुप्फुसाच्या जुन्या रुग्णाचा नेहमीचाच आकडा ९१ असू शकतो, तिथं ती लाल शाई कामाला येते.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट. रात्रपाळीची मुलगी कन्नड, अज्जी मराठी, दोघींच्या तोंडाला मास्क. उशाशी मोठ्या अक्षरांचा पुठ्ठा टांगा, प्रत्येक शब्दासमोर चित्र : दुखतंय–नोवु, दम–उसिरु, पाणी–नीरु, चक्कर–तले सुत्तु. बोट ठेवलं की काम झालं.

ऑक्सिजन यंत्रदुरुस्ती, उद्यमबाग

पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र, साधारण ३५० वॅट खातं. १५० एएचच्या एका बॅटरीवर ते दोन-अडीच तास चालेल, पंखे-दिवे त्याच इन्व्हर्टरवर असले तर तेवढंही नाही. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच पाहिजे. पावसात खानापूरकडं रात्रभर लाइट जाते, म्हणून सिलिंडर जोडीला हवाच. भरलेल्या बी टाइपमध्ये सुमारे १५०० लिटर गॅस असतो. मिनिटाला ५ लिटरनं ५ तास, २ लिटरनं साडेबारा तास. डी टाइप ७००० लिटरचा, ५ लिटरनं २३ तास जातो. हा हिशेब सिलिंडरवरच खडूनं लिहा, रात्री तीनला कुणाला भागाकार सुचत नाही.

यंत्र भिंतीपासून फूटभर लांब ठेवा. पडद्याला चिकटून ठेवलं की तापतं आणि ऑक्सिजनची शुद्धता उतरते, पण फ्लोमीटरचा गोळा ५ वरच दिसतो, त्यामुळं कळत नाही. बाहेरचा फिल्टर आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून लावा. ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या बाटलीत डिस्टिल्ड पाणी, दोन रेघांच्या मध्ये. जास्त भरलं तर पाणी नळीत चढतं. बुडबुडे येत नसतील तर बहुतेक वेळा बाटलीचं झाकण तिरकं बसलेलं असतं.

त्या खोलीत निरांजन, उदबत्ती नको. नाक कोरडं पडलं म्हणून खोबरेल किंवा व्हॅसलीनही नको; पाण्यावर बनलेलं जेल वापरा. रेग्युलेटरच्या आट्यांना तेल तर कधीच लावू नका, पेट घेतो.

वरच्याला पुरवणी, नर्सिंग, निपाणी

फ्लोमीटरची चावी फिरवून ऑक्सिमीटरचा आकडा ९९ वर नेण्याची हौस नको. कोविडमध्ये ऑक्सिजन लावल्यावर ९२ ते ९६ पुरे, जुन्या सीओपीडीवाल्याला (फुप्फुसाचा जुनाट आजार) ८८ ते ९२. त्याला जास्त दिला तर उलट गुंगी येते.

सफाई, खानापूर

ब्लीचिंग पावडर ३० ते ३३ टक्क्यांची असेल तर १० लिटरच्या बादलीला ३० ग्रॅम. हे झालं ०.१ टक्का, फरशी, कठडे, कड्या यांना पुरतं. रक्त-उलटी सांडली तर १ टक्का, म्हणजे १० लिटरला ३०० ग्रॅम. आधी थोड्या पाण्यात कालवा, गाळ बसू द्या, वरचं निवळ घ्या. पुसल्यावर १० मिनिटं ओलं राहिलं पाहिजे. लोखंडी खाटा नंतर साध्या पाण्यानं पुसा, नाहीतर महिन्यात गंज.

आमच्याकडच्या पावसात उघडं पोतं लवकर निकामी होतं. वास उडाला की जोरही उडाला. पावडर किलो-किलोनं आणा, झाकणाच्या डब्यात ठेवा, द्रावण रोज नवं करा. संडासाच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. आणि माणसांवर फवारणी हा शुद्ध वेडेपणा होता, त्यानं डोळे आणि छाती तेवढी जळते.

पावसात खिडक्या लावून घेतात, तिथंच घात होतो. समोरासमोरच्या दोन खिडक्या चार-चार बोटं तरी उघड्या ठेवा, एक्झॉस्ट बाहेर फेकणारा बसवा.

फार्मसी, बेळगाव

थोडक्यात. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ज्याला ऑक्सिजन लागतोय त्यालाच, दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, तेही डॉक्टरांनी लिहिल्यावर. त्या काळात साखर दिवसातून चारदा मोजा. २०२१ च्या म्युकरच्या (काळ्या बुरशीच्या) लाटेत अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइड ही जोडी वारंवार दिसली. एका बाजूचा गाल दुखणं, डोळा सुजणं, नाकात काळी खपली दिसली की त्याच दिवशी दवाखाना.

कागदपत्रं, चिकोडी

साठीवरच्यांची लस १ मार्च २०२१ ला सुरू झाली तेव्हा अडलं ते नावावर. आधारवर कन्नडातून इंग्रजीत गेलेलं नाव एक, मराठी रेशनकार्डावर दुसरं. आत्ताच एक तक्ता करा : आधारवरचं नाव जसंच्या तसं, जन्मसाल, जोडलेला फोन. तो फोन बहुधा कोल्हापूर-पुण्यातल्या मुलाकडं असतो आणि ओटीपी तिकडं जातो. ज्यांच्याकडं ओळखपत्रच नाही त्यांच्यासाठी केंद्रानं २०२१ मध्ये वेगळी सोय काढली होती, तीत वृद्धाश्रमातले लोकही होते, पण यादी आधीच तयार लागते.

दुसरं, सीमा. कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्याला ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल लागायचा. मिरज-कोल्हापूरच्या डॉक्टरांच्या औषधावर असलेल्यांचा किमान ४५ दिवसांचा साठा ठेवा आणि चिठ्ठीवर ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, म्हणजे इकडच्या दुकानात पर्याय मिळतो. शेवटच्या क्षणी कुणाला कळवायचं, मुलगा पोचला नाही तर अग्नी कुणी द्यायचा, हेही सहीनिशी त्याच फायलीत. विचारायला जड जातं, पण विचारा.

फिजिओ, शहापूर

विलगीकरणातली माणसं विषाणूतून उठली आणि खाटेवर बसली ती बसलीच. दहा दिवस पडून राहिलं तरी म्हाताऱ्या मांड्यांची ताकद दिसण्याइतकी जाते. ताप उतरला, दम नाही, आकडा ठीक असला की खोलीतल्या खोलीत : हाताच्या खुर्चीवरून उठ-बस ५ वेळा, दिवसातून तीनदा. खुर्ची भिंतीला टेकवलेली, पायात रबरी चप्पल, मोजे नकोत. ऑक्सिजन ३ नं घसरला तर थांबवा.

जो उठूच शकत नाही त्याची कूस दर २ तासांनी बदला. जखम कमरेला शोधतात, टाचेला विसरतात. पोटरीखाली घडी केलेली चादर घाला, टाच अधांतरी राहिली पाहिजे. खालून कागद सरकला तर बरोबर.

कागदपत्रं, चिकोडी

एक राहिलं. श्रवणयंत्र कानामागं, मास्कचा दोराही कानामागं. मास्क काढताना यंत्र कचऱ्याच्या पिशवीत जातं. डोक्यामागं बांधायचे नाडीचे मास्क शिवून घ्या, आणि व्हिडिओ कॉलच्या आधी यंत्राची बॅटरी बघा.