धागा: एका ओएसवरून (ऑपरेटिंग सिस्टिम: विंडोज, लिनक्स, डॉस, मॅक) दुसऱ्या ओएसवर आणलेली प्रोग्रॅमिंगची हत्यारं – तुमचे अनुभव सांगा

मांडवीकाठ
चवथीची साफसफाई चाललीय. माळ्यावर कायलिक्सची सीडी सापडली आणि झाडू बाजूला राहिला. तेव्हा मी फोंड्यात डेल्फीत, म्हणजे विंडोजवर खिडक्या-बटणांचे प्रोग्रॅम लिहायच्या हत्यारात, पतसंस्थांची कामं करायचो. 2001 साली बोरलँडने डेल्फी लिनक्सवर आणली तीच ही. म्हटलं, विंडोजच्या लायसनचे पैसे सुटले, कोड उचलायचा आणि तिकडे कंपाइल करायचा.

फॉर्म उघडले, बटणं जागच्या जागी. पण डेटा सगळा पॅराडॉक्स या डेटाबेसच्या टेबलांत, आणि ती वाचणारं बोरलँडचं इंजिन, बीडीई, लिनक्सवर आलंच नव्हतं! त्याच्या जागी डीबीएक्सप्रेस. त्याचा डेटासेट, म्हणजे वाचून आणलेल्या नोंदी, नुसता पुढे सरकतो, मागे फिरत नाही. ग्रिडला, म्हणजे पडद्यावरच्या तक्त्याला, थेट जोडला की एरर. मध्ये नोंदी मेमरीत धरून ठेवणारा क्लायंटडेटासेट घातला तेव्हा कुठे खातेदारांची यादी वरखाली व्हायला लागली. आणि खुद्द आयडीई, म्हणजे कोड लिहायची खिडकी, वाइनच्या (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या) लायब्ररीवर चालायची, म्हणजे लिनक्सवर बसून विंडोजचंच सोंग. मेनू उघडेपर्यंत चहा संपायचा. 2002 ची तिसरी आवृत्ती आली आणि पुढे सगळं थंड.

भाषा आली, पण बाकीचा संसार विंडोजवरच राहिला. तुमच्याकडे असलं काही झालंय का? लिहा.

म्हापशेकर_७१
सीडीला बुरशी नाही आली? आमच्याकडे दोन पावसाळ्यांत पांढरे ठिपके पडतात.

मांडवीकाठ
आलीय की. मिरच्यांच्या वाफ्यात बांधतो आता, पाखरं तरी हाकलेल.

टर्बोचा_पोर
आमच्या कॉलेजात टर्बो सी, डॉसवरचा बोरलँडचा जुना सी कंपायलर. निळा स्क्रीन, ग्राफिक्स डॉट एच आणि पुढे जाऊन डॉसचं सोंग करणारं डॉसबॉक्स. घरी लिनक्सवर जीसीसी हा फुकट कंपायलर घातला तर टर्बोची कोनिओ डॉट एच फाइल सापडेना, क्लिअरस्क्रीन होईना. सर म्हणाले, परीक्षेत टर्बोचंच लिहायचं. विषय संपला.

जुना_डॉसवाला
पोरा, उलट्या दिशेचंही ऐक. 1989 मध्ये डीजे डिलोरी यांनी जीसीसी डॉसवर आणायला घेतलं, डीजेजीपीपी. टर्बोत डॉसच्या 640 केबी मेमरीच्या भिंतीला डोकं आपटायचं, इथे 386 प्रोसेसरची पूर्ण मेमरी मोकळी. आरएचआयडीई नावाचं एडिटर होतं, तोंडवळा हुबेहूब टर्बोचा. फक्त फाइलींची नावं आठ अक्षरांत कोंबायची. बार्जच्या ट्रिपशीटचा प्रोग्रॅम त्यात लिहिला होता. खनिजाची वाहतूक थांबली तेव्हा तोही थांबला, बग मात्र एकही निघाला नव्हता. हे जरा फुशारकीचं झालं, चालवून घ्या.

सत्तरीची_सून
कुकर लावलाय, घाईत लिहिते. पायजीटीके, पायथनमधून जीटीकेच्या खिडक्या-बटणं वापरायची लायब्ररी. लिनक्सवर लोण्यासारखं चालायचं. विंडोजवर नेलं की डीएलएलची (विंडोजच्या लायब्ररी फाइलींची) वरात, कोणती तरी एक राहतेच. त्यात क्लायंटच्या मशीनवर आधीच दुसऱ्या प्रोग्रॅमने जीटीकेची जुनी आवृत्ती टाकलेली, पाथमध्ये (विंडोज फाइली शोधतं त्या यादीत) तीच पुढे. माझा प्रोग्रॅम तिच्याच डीएलएल उचलायचा आणि 'एंट्री पॉइंट सापडला नाही' म्हणून कोलमडायचा. शेवटी सगळ्या डीएलएल एक्सईच्या शेजारीच ठेवल्या. पण अक्षरं मांडणाऱ्या पँगोने देवनागरी मात्र दोन्हीकडे नीट दाखवली, जोडाक्षरं फुटली नाहीत. त्याबद्दल सगळं माफ.
शिटी झाली. पळते.

टर्बोचा_पोर
ताई, देवनागरीचं खरं. आमच्या ऑफिसात जुन्या फाँटांतला मजकूर होता, फाँट नसलेल्या मशीनवर नुसते इंग्रजी किडे.

कारखान्यातला
क्यूटी, ते सगळ्या ओएसवर चालणारं खिडक्या-बटणांचं टूलकिट, कोणी काढलं नाही अजून? लिनक्सवर फुकट आणि विंडोजसाठी पैसे मोजा, असं बरीच वर्षं होतं. 2005 मध्ये क्यूटी 4 विंडोजवरही जीपीएल या मुक्त लायसनखाली आलं, तेव्हा आमच्या मालकाने पहिल्यांदा परवानगी दिली. मग घोळ वेगळाच. रिपोर्टवर लोगो येईना. फाइल 'Logo.BMP', कोडात 'logo.bmp'. विंडोजला फरक नाही, लिनक्सला दोन वेगळी माणसं. दुपारभर प्रिंटरला शिव्या घातल्या.

म्हापशेकर_७१
प्रिंटर काय म्हणाला 😀

पणजीची_पाहुणी
मॅकवाले कुठेयत? माझा लॅझारसचा (डेल्फीसारखंच फुकट हत्यार) प्रोग्रॅम कार्बन या मॅकच्या जुन्या लायब्ररीवर बांधलेला. 2019 मध्ये मॅकच्या कॅटालिना आवृत्तीने 32 बिट बंद केलं आणि एका अपडेटमध्ये तो मेला. कोकोआ या मॅकच्या दुसऱ्या लायब्ररीवर नव्याने कंपाइल करावा लागला. कोड फार बदलला नाही, पण चेकबॉक्स सगळे दोन पिक्सेल सरकले, ते हाताने बसवत बसले. एकदा लिहा, कुठेही कंपाइल करा म्हणतात, डोळ्यांनी तपासायचं काम राहतंच.

सत्तरीची_सून
नेवऱ्यांच्या सारणात खसखस घालता का कोणी? सासूबाई म्हणतात नको.

म्हापशेकर_७१
घाल. भाजून घाल.

जुना_डॉसवाला
@मांडवीकाठ, तो डेल्फीचा कोड अजून आहे? लॅझारसच्या टूल्स मेनूत डेल्फी प्रोजेक्ट कन्व्हर्ट करायची सोय आहे, डीएफएमचं (डेल्फीची फॉर्मफाइल) एलएफएम (लॅझारसची) करून देतं. बीडीईचे कंपोनंट तेवढे काढावे लागतील. टेबलं आधी डीबेस या डेटाबेसच्या फाइलींत काढून घे, ती लॅझारसचा टीडीबीएफ कंपोनंट वाचतो.

मांडवीकाठ
कोड आहे, पण फ्लॉपीवर. ड्राइव्ह कोणाकडे आहे का? फोंडा, मडगाव कुठेही चालेल, चवथ झाल्यावर येऊन नेतो.

कारखान्यातला
यूएसबीचा आहे माझ्याकडे. चालतो की नाही, संध्याकाळी लावून बघतो.