तपासताच आहात तर जरा उजळ कोणतं तेही बघा

पंचवटीकर:
मावसबहिणीचं आयव्हीएफ चालू आहे, इथेच नाशकात. ती आणि नवरा दोघंही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे रक्ताच्या या आजाराचे वाहक. अशा जोडप्याला दर खेपेला चारात एक शक्यता मूल मेजर निघण्याची, म्हणजे जन्मभर रक्त चढवत राहणं. म्हणून पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूणाच्या मोजक्या पेशी काढून तपासायच्या आणि आजार नसलेला भ्रूणच गर्भाशयात सोडायचा. यावर घरात कुणाचं दुमत नाही. परवा सासूबाईंनी डॉक्टरांना विचारलं, "तपासताच आहात तर जरा उजळ कोणतं तेही बघता येईल का?" डॉक्टर म्हणाले, तसलं काही आम्ही करत नाही. सगळे हसले. सासूबाई हसल्या नाहीत.

२००९ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका केंद्राने डोळ्यांचा आणि केसांचा रंग निवडून देऊ असं जाहीर केलं होतं. ओरड झाल्यावर गुंडाळलं. माझं मत सरळ आहे: आजार टाळा, रूप निवडू नका. कायद्यानेच बंदी हवी. तुम्हाला काय वाटतं?

निफाडचा बागाईतदार:
बंदी म्हणणं सोपंय. आम्ही थॉमसन द्राक्षांचे घड जीएच्या, म्हणजे मणी फुगवणाऱ्या संजीवकाच्या, पाण्यात बुडवतो, विरळणी करतो, ते कशासाठी? मणी बारीक राहिला तर एक्स्पोर्टवाला बागेत पाऊल टाकत नाही. बाजार ठरवतो, आम्ही पिकवतो. मुलीसाठी दोन वर्षं स्थळं बघतोय. एमएस्सी झाली, नोकरी आहे. मागे एक पाहुणे पोहे खाऊन उठले आणि चपला घालता घालता म्हणाले, "बाकी सगळं छान, रंगाने जरा डावी आहे." पोरगी दाराआड उभी होती, हातात पाण्याचा तांब्या. हे टाळायची सोय तेव्हा असती तर शेताचा तुकडा विकून केली असती.

लॅबवाला:
तुकडा विकू नका, काका. उंचीचंच घ्या. २०२२ मध्ये सुमारे ५४ लाख लोकांच्या डीएनएचा अभ्यास आला, त्यात उंचीशी जोडलेले १२ हजारांहून जास्त फरक सापडले. एकेकाचा वाटा चिमूटभर. रंगाचं गणित त्यापेक्षा सोपं. एसएलसी२४ए५ या एका जनुकातला बदल बराच फरक पाडतो आणि तो आपल्याकडेही सापडतो. तरी तो एकटा रंग ठरवत नाही. शिवाय हातात भ्रूण असतात चार-पाच. आईबापाच्या पत्त्यांतूनच पान निघणार, बाहेरून आणता येत नाही. त्यातले आजाराचे वगळले की निवडायला उरतं काय?

गंगापूर रोड:
लॅबवाले, "आज जमत नाही" हे उत्तर नव्हे. आणि पंचवटीकर, तुमची रेघही टिकेल असं मला वाटत नाही. गर्भजल तपासणी आली ती गर्भातले दोष ओळखायला. आपल्याकडे वापरली कशाला ते सगळ्यांना ठाऊक आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला, देशाने १९९४ मध्ये, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. तरी राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ वर आल्या. आयव्हीएफचा २०२१ चा कायदाही लिंगनिवडीला मनाई करतो. मागणी घरात बसलेली असते हो, कायदा दवाखान्याच्या पाटीवर.

पंचवटीकर:
मग काय, कायदाच नको? पाटी आहे म्हणून निदान कुजबुजत तरी विचारावं लागतं.

निफाडचा बागाईतदार:
कुजबुजत विचारलं की भाव वाढतो, बाकी काही होत नाही.

काळारामाची शेजारीण:
माझी आई नऊ महिने केशराचं दूध प्यायली. मी जन्मले ती रामासारखी, म्हणजे आपल्या काळारामासारखी. त्याच्यापुढे अर्धं नाशिक हात जोडतं आणि घरी येऊन "गोरी वधू पाहिजे" म्हणून जाहिरात देतं. असो.

काका, एक गोष्ट बहुतेक तुमच्या लक्षात आली नाही. भ्रूण निवडतात तेव्हा कुणाचाच रंग बदलत नाही. एक बाजूला ठेवतात, दुसरा घेतात. तुमची मुलगी गोरी झाली नसती. ती झालीच नसती. दाराआड तांब्या घेऊन दुसरीच कुणी उभी राहिली असती. थॅलेसेमियालाही हेच लागू आहे, मला कळतं. पण तिथे आपण टाळतो ते मुलाचं दुखणं. तुमच्या मुलीला काही दुखत नव्हतं, पाहुणे बोलेपर्यंत.

निफाडचा बागाईतदार:
ताई, मला तीच पोरगी पाहिजे, दुसरी नको. पण नातीच्या वेळी विचाराल तर उत्तर तेच देईन, खोटं कशाला बोलू. तिलाही कुणीतरी बघायला येणारच.

पंचवटीकर:
रिपोर्ट आला. पाचातले तीन चालतील. त्यांतला आधी कोणता ते वाढ बघून डॉक्टर ठरवणार. सासूबाईंनी केशराची डबी आणून ठेवलीय.