मदत हवी आहे: धुळ्यात नुसत्या हौसेसाठी विमान शिकता येतं का?

पांझराकाठची

नमस्कार मंडळी,

धुळेकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. आमच्या गावाला लागून गोंदूरची धावपट्टी आहे आणि तिथे बॉम्बे फ्लाइंग क्लबची शिकाऊ विमानं उडतात. जेआरडी टाटा ज्या क्लबात शिकले आणि १९२९ साली देशातला पहिला वैमानिक परवाना मिळवला, तोच हा क्लब. नकाणे तलावाकडे सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या डोक्यावरून छोटी विमानं घिरट्या घालत असतात. उतरतात, चाकं टेकवतात, न थांबता पुन्हा उडतात.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. वय चाळिशीच्या पुढे. आठवीची पोरं आता नुसत्या आवाजावरून विमान चढतंय की उतरतंय ते सांगतात. उतरताना इंजिन बारीक करतात ना, ते त्यांनी आपलं आपण ओळखलं. दाबाचा धडा शिकवताना पंखाचं उदाहरण दिलं तर एकाने विचारलं, "मॅडम, तुम्ही बसल्या का कधी त्यात?" वर्ग हसला, मीही हसले. पण तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

मला पायलटची नोकरी करायची नाही. रविवारी सकाळी तासभर उडावं, वरून लळिंगचा किल्ला बघावा, खाली यावं आणि सोमवारी शाळेत जावं, एवढंच. दुसऱ्या एका शहरातल्या संस्थेत फोन केला होता. त्यांचा पहिलाच प्रश्न, "बारावीला फिजिक्स-मॅथ्स होतं का? सीपीएलची (व्यावसायिक वैमानिक परवान्याची) बॅच जूनमध्ये आहे." हौस म्हटल्यावर पलीकडचा आवाजच बदलला. घरी सासूबाई म्हणतात, विमानात बसायचंय तर तिकीट काढ की, जळगावहून सुटतं आता.

खरी खंत अशी की विमानं गावावरून रोज जातात आणि गावातलं कोणीच त्यात नसतं. बाहेरची मुलं येतात, खोल्या घेतात, मेसला शेवभाजी खायला शिकतात, परवान्यापुरते उड्डाणाचे तास भरले की निघून जातात. आमची पोरं कुंपणाबाहेर. तर विचारायचं असं, की हौशी माणसासाठी परवाना कोणता, किती तास, वयाची अडचण आहे का? आणि शाळेच्या मुलांना धावपट्टी दाखवायची असेल, किंवा त्यांचा मॉडेल विमानांचा गट काढायचा असेल, तर सुरुवात कुठून करावी?

विंडसॉक

ताई, मी धुळ्यातच तास भरलेत, म्हणून लिहितो.

तुम्हाला हवा तो पीपीएल, म्हणजे खाजगी वैमानिक परवाना. दहावी पास आणि १७ वर्षं पूर्ण एवढी अट. बारावी विज्ञानाचा प्रश्न सीपीएलवाल्यांना विचारतात, तुम्हाला नाही. किमान ४० तास उड्डाण लागतं, त्यातले काही तास एकट्याने. एकट्याच्या तासांत ५ तास लांब पल्ल्याचे असतात आणि त्यात एकदा १५० नॉटिकल मैलांची फेरी, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. सीपीएलला २०० तास लागतात, त्यामुळे संस्थांचा सगळा हिशेब त्या मुलांभोवती फिरतो. तुम्हाला फोनवर जे झालं त्याचं कारण हेच. ४० तासांचं गिऱ्हाईक त्यांना परवडत नाही असं नाही, पण विमानं आणि इन्स्ट्रक्टर आधीच मोठ्या बॅचला वाटलेले असतात. म्हणून फोन नको, समोर जाऊन बसा आणि "पीपीएलपुरता स्लॉट द्याल का" असं सरळ विचारा.

त्याआधी मात्र मेडिकल. पीपीएलला क्लास २ पुरतं. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याच्या, यादीतल्याच डॉक्टरकडून करावं लागतं, फॅमिली डॉक्टरचा दाखला चालत नाही. चष्मा असला तरी हरकत नाही, रंग ओळखण्याची चाचणी मात्र होते. मेडिकल झाल्यावर स्टुडंट पायलट लायसन्स, मग उड्डाण. हवामान, नेव्हिगेशन, हवाई नियम असे पेपर आहेत, रेडिओवर बोलायची परीक्षा वेगळी. मास्तर माणसाला पेपर जड जाणार नाहीत.

आणि खान्देशात शिकायचं तर ऊन समजून घ्या. एप्रिल-मे मध्ये दुपारी पारा ४२ च्या वर जातो. गरम हवा विरळ, त्यामुळे तेच विमान जास्त धावपट्टी खातं आणि वर चढताना कुरकुरतं. त्यात आपली काळी जमीन तापली की खालून हवेचे लोट उठतात आणि छोटं विमान फायनलवर, म्हणजे उतरायच्या शेवटच्या टप्प्यात, असताना एकदम वर उचललं जातं. नाक खाली घ्यायला दांडी पुढे दाबली की लगेच बाजूच्या ओल्या शेतावर आल्यावर एकदम खाली येतं. इन्स्ट्रक्टर तेव्हा काहीच बोलत नाही, नुसता हात मांडीवर तयार ठेवतो. उन्हाळ्यात पहाटेचा स्लॉट मागा. पावसाळ्यात ढग खाली आले की दिवसच्या दिवस बसून काढावे लागतात, तेव्हा सुट्टीचं गणित त्याप्रमाणे करा. दिवाळी ते फेब्रुवारी सगळ्यात उत्तम.

अमळनेरी

पयले मेडिकल कर ताई, मंग पैसास्ना इचार कर. बाकी तुन्ही सासू खरं बोलनी. 😄

हिशेबी

रसभंग करतोय, माफ करा. तासाचा दर पाच आकडी असतो, त्याला ४० ने गुणा. परवाना मिळाल्यावरही उडायचं तर भाडं आहेच, आणि पीपीएलवर एक रुपया कमावता येत नाही. दुसरं, २०२१ मध्ये चोपडा तालुक्यात वर्डी शिवारात शिकाऊ विमान पडलं, इन्स्ट्रक्टर गेले. घरच्यांना हे माहीत असणारच. त्यापेक्षा मॉडेल विमानं बरी. पडलं तर थर्माकोल पडतं.

पांझराकाठची

@हिशेबी, वर्डीचं माहीत आहे, त्या दिवशी अख्ख्या जिल्ह्यात तोच विषय होता. यजमानांनी तेच काढलं. मी म्हटलं, तुम्ही रोज महामार्गावरून मालेगावला बाइकने जाता. तर ते गप्प. पैशाचं मात्र बरोबर आहे. पतसंस्थेचं कर्ज काढून हौस करणार नाही. जमेल तसे तास भरता येतात का? वर्षभर लागलं तरी चालेल.

@विंडसॉक, "हात मांडीवर तयार ठेवतो" वाचून पोटात गोळा आला आणि जावंसंही वाटलं!

विंडसॉक

जमेल तसे भरता येतात, पण फार खंड पडला की हात विसरतो आणि आधीचे धडे पुन्हा करावे लागतात. त्याचे पैसे वेगळे. निम्मे पैसे जमेपर्यंत थांबा आणि मग सलग करा, हे माझं मत.

तापीमाई

मुलांबद्दल मी सांगते, भुसावळला आमच्या कॉलनीतली पोरं हे करतात. पहिलं विमान विकत घेऊ नका. थर्माकोलची शीट, एक ब्रशलेस मोटर, दोन सर्व्हो (शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी), लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी आणि रिमोट. पंख वर असलेलं, हळू उडणारं बनवा. देखणं जेट पहिल्याच फेकीत नाक फोडून घेतं. चिकटवायला फेविक्विक वापरू नका, थर्माकोल विरघळतो. हॉट ग्लू लावा, तोही फार गरम नको. लिपो बॅटरी चार्जिंगला लावून झोपायचं नाही, हे पोरांकडून वदवून घ्या.

जागा महत्त्वाची. धावपट्टीजवळ अजिबात नको. ड्रोन नियम २०२१ मध्ये हौसेची रिमोटची विमानंही येतात. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर आधी बघा. चालत्या विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच हिरवा झोन (वेगळ्या परवानगीशिवाय उडवता येतं तो भाग) असतो, त्यापलीकडे ४०० फूट. आणि विमान सतत नजरेच्या टप्प्यात हवं. तुम्हाला सोनगीरच्या पलीकडे एखादं मोकळं शेत बघावं लागेल. कापूस वेचून झालेलं शेत रिकामं दिसतं खरं, पण उभ्या पऱ्हाट्यांत विमान उतरलं की पंखाची चाळण होते. आम्ही शेतकऱ्याला विचारून गव्हाचं रान घेतो, कापणीनंतर.

जुनाजळगावकर

धावपट्टी बघण्याबाबत. जळगावला प्रवासी विमानं येतात, त्यामुळे तिथे सुरक्षेचं प्रकरण मोठं. गोंदूर त्यामानाने सोपं. धावपट्टी सरकारी आणि विमानं संस्थेची, म्हणून शाळेच्या लेटरहेडवर दोन पत्रं करा. मुलांची नावं, सोबतचे शिक्षक, तारीख, वेळ सगळं लिहा आणि एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात देऊन पोच घ्या. "विमानात बसवा" असं चुकूनही लिहू नका. प्रशिक्षण संस्थेला लोकांना पैसे घेऊन फिरवता येत नाही, त्याला वेगळा परवाना लागतो, आणि ते वाक्य वाचलं की फाइल बाजूला पडते. हँगर (विमानं ठेवायची शेड), वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी आणि एका इन्स्ट्रक्टरशी अर्धा तास गप्पा, एवढंच मागा. दुपारची वेळ मागा. ऊन लागेल, पण तेव्हा विमानं जमिनीवर असतात आणि माणसं मोकळी.

पांझराकाठची

सगळ्यांचे आभार. पत्रांचा मसुदा आज मुख्याध्यापकांना दाखवला, विज्ञान मंडळाच्या नावाने पाठवू म्हणाले. थर्माकोलचं विमान दिवाळीच्या सुट्टीत करू, गव्हाचं रान रिकामं होईपर्यंत तयार राहील.

माझ्या स्वतःच्या बाबतीत अजून एकच विचारायचं राहिलं. क्लास २ मेडिकलचे यादीतले डॉक्टर नाशिकला कोणी आहेत का, की मुंबईच गाठावी लागेल? अलीकडे कोणी करून आलं असेल तर एका दिवसात होतं का तेही सांगा. रजा तेवढीच शिल्लक आहे.