रजोनिवृत्ती: आधी व्यायाम की थेट हार्मोन्स? सल्ला हवा

अवेळी_जागी:
वय ४९. शेवटची पाळी येऊन पाच महिने झाले. रात्री तीन-चारदा अंगातून वाफा निघतात, कपडे भिजतात, मग डोळ्याला डोळा लागत नाही. गर्भाशय काढलेलं नाही. डॉक्टर हार्मोन थेरपी सुचवतात, पण आईच्या पायात एकदा रक्ताची गुठळी झाली होती, म्हणून भीती वाटते. स्वतःसाठी दिवसाकाठी तीसच मिनिटं मिळतात, हे आधीच सांगते. कुणाला कशाने बरं वाटलं?

पहाटवारा:
सायकल घ्या. मी रोज दीड तास चालवते. नऊ किलो उतरले, झोप शांत लागते. एकही गोळी घेतली नाही. वेळ काढला की मिळतो.

अवेळी_जागी:
ताई, तीस मिनिटं लिहिलंय वर.

जुनी_वही:
हार्मोनच्या वाटेला जाऊ नका. २००२ साली हार्मोन थेरपीवरचा अमेरिकेतला तो मोठा अभ्यास मध्येच थांबवावा लागला होता. स्तनाचा कर्करोग होतो.

रेवती_के:
त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि त्या पोटातून गोळ्या घेत होत्या. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) एकत्र घेणाऱ्या गटात दर १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे ८ रुग्ण जास्त आढळले. धोका आहेच, पण आकडा एवढा आहे. साठीच्या आत किंवा पाळी थांबून दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं, तर बहुतेक निरोगी बायकांना फायदा जास्त. स्वतःला स्तनाचा कर्करोग, गुठळी किंवा पक्षाघात होऊन गेला असेल, तर गोष्ट वेगळी.
आणि पहाटवारा, व्यायाम हाडांना, हृदयाला, मनाला हवाच. पण वाफा त्याने थांबतात असा भक्कम पुरावा नाही. वजन उतरलं त्याचा उपयोग झाला असेल.

पहाटवारा:
म्हणजे मी खोटं सांगतेय का? माझ्या वाफा थांबल्या.

शब्दशः:
मूळ शब्दच चुकतोय. सलग १२ महिने पाळी नाही, मगच रजोनिवृत्ती. तुमचा हा त्याआधीचा काळ. तेव्हा गर्भधारणा होऊ शकते आणि हार्मोन थेरपी म्हणजे गर्भनिरोधक नव्हे. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर पुढची दोन वर्षं काळजी घ्यायला सांगतात.

सायंतारा:
शब्दशः यांना +१. मला हे कुणीच सांगितलं नव्हतं.

उंबरठा:
माझ्यावर बेतलं ते सांगते, कारण हे कळायलाच हवं. गर्भाशय असूनही मला नुसतं इस्ट्रोजेन लिहून दिलं गेलं. आठ महिन्यांनी रक्तस्राव सुरू झाला. सोनोग्राफीत अस्तर जाड झालेलं दिसलं, तुकडा तपासायला द्यावा लागला. अहवाल येईपर्यंतचे दिवस कसे काढले, माझं मलाच माहीत. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच हवं. आता इस्ट्रोजेनचा पॅच, म्हणजे त्वचेवर चिकटवायची पट्टी, आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल. तिने गुंगी येते, म्हणून झोपतानाच घेते. पॅचच घ्या.

रेवती_के:
पॅचला अनुमोदन. पोटातून घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतात जातं आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढतात. त्वचेतून घेतलं की तो टप्पा टळतो. आईची गुठळी शस्त्रक्रियेनंतरची होती की आपोआप झालेली, हे मात्र डॉक्टरांना सांगा. हार्मोन नकोच असतील तर वाफांसाठी सीबीटी हे समुपदेशन आहे, बिनहार्मोनची औषधंही आहेत.

जुनी_वही:
मी तरी नाहीच म्हणेन.

सायंतारा:
सायकलचं मला पटलं. कोणती घ्यावी?

पहाटवारा:
गिअरची. व्यनि करते.

अवेळी_जागी:
सगळ्यांचे आभार, उंबरठाताईंचे जास्त. आईची गुठळी शस्त्रक्रियेनंतरची होती. पॅच घेतला नाही, कारण चिकटपट्टीने माझ्या अंगावर पुरळ उठतं. जेल घेतलंय, सोबत प्रोजेस्टेरॉन. तीस मिनिटांत आठवड्यातून तीनदा वजनं उचलते, इतर दिवशी भरभर चालते. सायकल जमणार नाही, पहाटवारा, राग मानू नका. आज चौथा आठवडा. काल रात्री एकदाच जाग आली.

उंबरठा:
वाचून फार बरं वाटलं. जेल पूर्ण वाळल्यावरच कपडे घाला, हात धुवा, आणि ती जागा लहान मुलांच्या अंगाला लागू देऊ नका.