शिडाच्या बोटीवरील जुन्या कॅसेटी कशा जपाव्यात? (मदत हवी आहे)

नमस्कार. आमची शिडाची बोट गोव्यात मांडवीत नांगरलेली असते आणि वर्षातले बरेच महिने आम्ही तिच्यावरच राहतो. वडिलांनी जमवलेल्या साठ-सत्तर कॅसेटी सोबत आहेत. त्यांतली विकतची नाट्यगीते पुन्हा मिळतीलही. खरी काळजी आहे ती गावातल्या भजनांच्या आणि आजीच्या ओव्यांच्या घरगुती ध्वनिमुद्रणांची, कारण त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही.

पावसाळ्यानंतर काही कॅसेटींच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर पांढुरकी बुरशी दिसू लागली असून, दोन-तीन कॅसेटींत फीत प्लेअरच्या हेडवर (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) दाबून धरणाऱ्या गादीमागची धातूची पट्टी खाऱ्या हवेने हिरवी पडली आहे. बुरशीचे कण हेडवरून पुढच्या कॅसेटीत जातात, म्हणून त्या वेगळ्या ठेवल्या आहेत. बाकीच्या सिलिका जेलसह हवाबंद डब्यात, स्पीकरच्या चुंबकापासून दूर, उभ्या ठेवल्या आहेत.

डब्यातील आर्द्रता 30 ते 40 टक्क्यांच्या दरम्यान टिकवण्यासाठी भर पावसात जेल किती दिवसांनी तापवून सुकवावे? बुरशी धरलेली फीत स्क्रूने उघडता येणाऱ्या कॅसेटीच्या नव्या प्लास्टिक कवचात हलवून मगच साफ करावी का, विशेषतः 90 मिनिटांच्या कॅसेटीतील पातळ फीत? शिवाय, 24 बिटमध्ये डिजिटल प्रत करताना बोटीच्या 12 व्होल्ट बॅटरीवरील इन्व्हर्टरची घरघर ध्वनिमुद्रणात उतरते. ती कशी टाळावी? गोव्यात किंवा सिंधुदुर्गात हे काम जिव्हाळ्याने करणारे कोणी असल्यास कृपया कळवावे.