टेस्टोस्टेरॉन २.८ आलंय, पीसीओएस आहे. महिला गटात धावता येईल का?

ट्रॅकसाइड

८०० मीटर धावणारी खेळाडू, वय १९. पाळी अनियमित म्हणून रक्त तपासलं. टोटल टेस्टोस्टेरॉन ८२ एनजी/डीएल, लॅबची रेंज ८ ते ६०. सोनोग्राफीवरून पीसीओएसचं, म्हणजे अंडाशयाच्या हार्मोन विकाराचं निदान झालंय. ८२ ला ०.०३४७ ने गुणलं की साधारण २.८ नॅनोमोल प्रति लिटर होतात. वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सची, म्हणजे अ‍ॅथलेटिक्सच्या जागतिक महासंघाची मर्यादा २.५ आहे असं वाचलं, म्हणजे ही वर गेली. कुणी म्हणतं मर्यादा ५ आहे, कुणी १०, आणि कुणी म्हणतं आता मर्यादाच नाही, फक्त जनुक चाचणी आहे. नेमकं काय खरं? गोळ्या घेऊन आकडा खाली आणायचा का? भावनिक चर्चा नको, नियम माहीत असणाऱ्यांनी सांगा.

नियमपुस्तक

आधी उत्तर: पीसीओएसमुळे २.८ आलं असेल तर नियमाचा आणि तिचा काही संबंध नाही. आकडा खाली आणायची गरज नाही. पीसीओएससाठी डॉक्टरांनी उपचार सांगितले तर ते तब्येतीसाठी घ्यायचे, पात्रतेसाठी नाही.

तुम्ही ऐकलेले तिन्ही आकडे खरे आहेत, फक्त वेगवेगळ्या वर्षांचे. २०११ मध्ये १० नॅनोमोलची मर्यादा आली. २०१४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेआधी भारताची धावपटू द्युती चंदला त्याच नियमाखाली वगळलं. ती क्रीडा लवादाकडे, म्हणजे कॅसकडे गेली आणि जुलै २०१५ मध्ये लवादाने नियम स्थगित केला. कारण असं की पुरुष आणि महिलांच्या कामगिरीत १० ते १२ टक्क्यांचा फरक असतो, पण नैसर्गिकरीत्या जास्त टेस्टोस्टेरॉन असलेल्या महिलेला त्यातला किती फायदा मिळतो याचा पुरावाच महासंघाने दिला नव्हता. मग २०१८ मध्ये नवा नियम आला: मर्यादा ५, सलग सहा महिने त्याखाली, आणि तोही फक्त ४०० मीटरपासून एक मैलापर्यंतच्या शर्यतींना. दक्षिण आफ्रिकेची ८०० मीटर धावपटू कास्टर सेमेन्या कॅसमध्ये हरली ती याच नियमावर, १ मे २०१९ ला, दोन विरुद्ध एक मतांनी. मार्च २०२३ मध्ये मर्यादा २.५ झाली, मुदत २४ महिने, आणि सगळ्या प्रकारांना लागू.

तुमच्या प्रश्नाचा खरा मुद्दा पुढे आहे. २०१८ पासूनच्या नियमात आकडा एकटा चालत नव्हता, तीन अटी एकत्र लागत. खेळाडूला यादीतल्या लैंगिक विकासातील फरकांपैकी एखादा, म्हणजे डीएसडी असायला हवा. टेस्टोस्टेरॉन मर्यादेच्या वर हवं. आणि शरीराला ते वापरता यायला हवं. यादीत ५-अल्फा रिडक्टेजची कमतरता, १७-बीटा-एचएसडी३ ची कमतरता, अँड्रोजेनला (टेस्टोस्टेरॉनसारख्या पुरुषी हार्मोनला) अंशतः प्रतिसाद न देणारं शरीर अशा अवस्था होत्या. यात गुणसूत्रं एक्सवाय असतात आणि टेस्टोस्टेरॉन वृषणातून येतं. पीसीओएस नियमातून स्पष्ट शब्दांत वगळलेलं होतं, आणि २०१९ पासून एक्सएक्स गुणसूत्रं असलेल्यांचा सीएएचसुद्धा (अधिवृक्क ग्रंथीचा जन्मजात विकार).

२.५ का, हेही त्यातूनच कळतं. मास स्पेक्ट्रोमेट्रीने मोजलं तर निरोगी महिलांची रेंज साधारण ०.०६ ते १.६८ आणि पुरुषांची ७.७ ते २९.४ नॅनोमोल येते. पीसीओएसमध्ये आकडा ४.८ च्या आसपासपर्यंत जाऊ शकतो. पीसीओएस आत धरलं असतं तर २.५ ची रेघ मारताच आली नसती.

आता जनुक चाचणी. १ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक क्रमवारीत धरल्या जाणाऱ्या स्पर्धांत महिला गटासाठी एसआरवाय जनुकाची (हे वाय गुणसूत्रावर असतं) चाचणी बंधनकारक आहे, आयुष्यात एकदाच. टोकियोची जागतिक स्पर्धा ही त्याखालची पहिली मोठी स्पर्धा. निकाल निगेटिव्ह आला की विषय संपला, टेस्टोस्टेरॉन २.८ असो वा ४. पॉझिटिव्ह आला तर पुढची वैद्यकीय तपासणी होते. त्यात अँड्रोजेनला शरीर अजिबात प्रतिसाद देत नाही असं दिसलं, म्हणजे पूर्ण असंवेदनशीलता, तर महिला गट खुला राहतो. टेस्टोस्टेरॉन दाबून खेळणाऱ्या जुन्या डीएसडी खेळाडूंसाठी संक्रमणकालीन तरतूद आहे. नव्याने तो मार्ग कुणाला खुला नाही.

एंडो_वाचक

नियमाचं वर आलंच आहे. मी त्या ८२ बद्दल लिहितो, कारण माझा त्या आकड्यावरच विश्वास नाही.

बहुतेक लॅबमध्ये टेस्टोस्टेरॉन इम्युनोअ‍ॅसेने, म्हणजे अँटिबॉडी वापरून मोजतात. पुरुषांच्या पातळीला ती पद्धत चालून जाते. महिलांच्या पातळीला ती डळमळते, कारण अँटिबॉडी डीएचईए-एस (अधिवृक्क ग्रंथीचा हार्मोन) सारख्या मिळत्याजुळत्या रेणूंनाही थोडी चिकटते आणि मूळ आकडाच लहान असल्याने चूक मोठी दिसते. रिपोर्टच्या तळाशी पद्धत छापलेली असते. तिथे सीएलआयए किंवा ईसीएलआयए (दोन्ही इम्युनोअ‍ॅसेच) असेल तर पुन्हा तपासणी करताना एलसी-एमएस/एमएस, म्हणजे वर आलेली मास स्पेक्ट्रोमेट्री मागा. वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सच्या मर्यादाही त्याच पद्धतीवर बेतलेल्या होत्या. एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या रेषेला लावून काही सिद्ध होत नाही.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. केस गळतात म्हणून खेळाडू बायोटिन हे जीवनसत्त्व घेतात, ५ किंवा १० मिलिग्रॅमची गोळी. स्ट्रेप्टाव्हिडिन या बायोटिनला चिकटणाऱ्या प्रथिनावर चालणाऱ्या अ‍ॅसेमध्ये बायोटिनमुळे टेस्टोस्टेरॉन खोटं वाढलेलं दिसतं. नमुना देण्याआधी किमान दोन-तीन दिवस बंद ठेवा. आणि लॅबला सांगा, कारण ते स्वतःहून विचारत नाहीत.

नमुना सकाळी द्या, पाळी येत असेल तर पहिल्या काही दिवसांत. त्याच वेळी एसएचबीजी (रक्तात टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन), डीएचईए-एस आणि १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन करून घ्या. शेवटचं अशासाठी की उशिरा उघडकीला येणारा सीएएच पीसीओएससारखाच दिसतो आणि नुसत्या सोनोग्राफीवर सुटून जातो. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर एसएचबीजी वर जातं आणि चित्र बदलतं, म्हणून तपासणी गोळ्या सुरू होण्याआधी.

आकडा १५०-२०० एनजी/डीएलच्या वर असता, किंवा काही महिन्यांत झपाट्याने वाढला असता, आवाज फुटला असता, तर मी नियमपुस्तक बाजूला ठेवून आधी एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे पाठवलं असतं. तिथे अंडाशयातली किंवा अधिवृक्क ग्रंथीतली गाठ शोधायची असते. ८२ मध्ये तसं काही नाही.

तिसरी लेन

नियमपुस्तक यांनी इतिहास अगदी गुळगुळीत करून सांगितला. २०१८ चा नियम ज्या अभ्यासावर उभा होता तो २०१७ चा, २०११ आणि २०१३ च्या जागतिक स्पर्धांच्या नमुन्यांवर केलेला. त्यात जास्त टेस्टोस्टेरॉनच्या गटाची आघाडी हातोडाफेकीत ४.५३ टक्के, पोल व्हॉल्टमध्ये २.९४, ४०० मीटर अडथळ्यांत २.७८, ४०० मीटरमध्ये २.७३ आणि ८०० मीटरमध्ये १.७८ निघाली. नियमात काय घेतलं? हातोडा आणि पोल व्हॉल्ट बाहेर, १५०० मीटर आणि मैल आत. कॅसच्या बहुमतानेसुद्धा १५०० आणि मैलाच्या पुराव्याबद्दल शंका नोंदवली होती. नंतर त्या आकडेवारीत चुका सापडल्या, आणि २०२१ मध्ये लेखकांनी दुरुस्ती छापून कबूल केलं की अभ्यास प्राथमिक स्वरूपाचा होता, कार्यकारणभाव त्यातून सिद्ध होत नाही. तोपर्यंत नामिबियाच्या धावपटू मबोमा आणि मासिलिंगी यांना टोकियो ऑलिंपिकच्या ४०० मीटरमधून बाहेर काढून झालं होतं. मबोमा २०० मीटरला उतरली आणि रौप्य घेऊन गेली. एका लांबीला अपात्र, निम्म्या लांबीला पदकविजेती!

जनुक चाचणीही नवी नाही. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३३८७ महिलांची एसआरवाय चाचणी झाली. ८ पॉझिटिव्ह आल्या, ७ अँड्रोजेन असंवेदनशीलतेच्या आणि एक ५-अल्फा रिडक्टेजची. आठही जणींना खेळू दिलं, आणि १९९९ मध्ये ऑलिंपिक समितीने चाचणीच गुंडाळली. १९९० मध्ये हे जनुक शोधणाऱ्यांपैकी अँड्र्यू सिंक्लेअर यांनी २०२५ च्या नियमावर जाहीर टीका केली: जनुक आहे की नाही एवढंच चाचणी सांगते. ते चालतं का, वृषण बनले का, टेस्टोस्टेरॉन तयार झालं का, शरीराने वापरलं का, यातलं काही ती सांगत नाही.

नियमपुस्तक

२०१७ च्या अभ्यासाबद्दल तुमच्याशी वाद नाही, तो कच्चाच होता. पण सगळी इमारत त्यावर उभी आहे हे पटत नाही. ४८ निरोगी तरुण महिलांवर स्वीडनमध्ये झालेली चाचणी बघा: निम्म्यांना १० आठवडे रोज १० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉनचं क्रीम, बाकीच्यांना नुसतं क्रीम. पहिल्या गटाची पातळी ०.९ वरून ४.३ नॅनोमोलवर गेली आणि दमेपर्यंत धावण्याचा वेळ दुसऱ्या गटाच्या तुलनेत ८.५ टक्क्यांनी वाढला. सायकलवरच्या छोट्या जोरकस चाचणीत मात्र ठळक फरक नाही. म्हणजे परिणाम आहे, सगळीकडे सारखा नाही. ८०० मीटरचे विश्वविक्रम १:४०.९१ आणि १:५३.२८, अंतर सुमारे १२ टक्के. हे अंतर पौगंडावस्थेत उघडतं, हिमोग्लोबिन, स्नायू आणि हाडांतून. महिला गट वेगळा ठेवायचा म्हटलं की कुठेतरी रेघ मारावी लागते.

रेघ मारण्याची पद्धत वाईट होती हे मान्य. भारताची ८०० मीटर धावपटू शांती सौंदराजनचं २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेतलं रौप्य काढून घेतलं आणि तिच्या शरीराची चर्चा जगभर झाली. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठाने जुलै २०२५ मध्ये सेमेन्याच्या बाजूने दिलेला निकालही सुनावणी नीट न झाल्याबद्दल आहे. नियम चूक की बरोबर हे त्या न्यायालयाने ठरवलेलंच नाही, आणि दोन्ही बाजू तो निकाल आपल्या खिशात घालून फिरतात.

ट्रॅकसाइड

खूप स्पष्ट झालं. दोन गोष्टी राहिल्या. एसआरवायचा नमुना देताना काय सांभाळायचं? आणि डॉक्टरांनी अंगावरच्या केसांसाठी स्पायरोनोलॅक्टोन लिहून दिलंय, ५० मिलिग्रॅम. अजून सुरू केलेलं नाही.

एंडो_वाचक

स्पायरोनोलॅक्टोन सुरू करू नका! ते लघवी वाढवणारं औषध आहे, म्हणून वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत एस५ गटात येतं. स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेर, दोन्हीकडे बंदी. पीसीओएसमध्ये सर्रास लिहिलं जातं आणि लिहिणाऱ्या डॉक्टरांना बहुधा कल्पनाच नसते. घ्यायचंच असेल तर आधी टीयूई, म्हणजे उपचारासाठीची सूट मिळवावी लागते. राष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूने राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे अर्ज करायचा, आंतरराष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूने जागतिक महासंघाकडे. दुसरा परवानगी असलेला उपाय का चालत नाही हे कागदावर दाखवावं लागतं, आणि केसांसाठी ते दाखवणं जड जातं.

उपाय आहेत. एकत्रित गर्भनिरोधक गोळ्या चालतात. ड्रोस्पायरेनोन हे स्पायरोनोलॅक्टोनच्या कुळातलं असूनही एस५ मधून नाव घेऊन वगळलंय, त्यामुळे ते असलेल्या गोळ्या चालतात. मेटफॉर्मिन चालतं. पुढे कधी बीजनिर्मितीसाठी लेट्रोझोल किंवा क्लोमिफीन सुचवलं तर दोन्ही एस४ या बंदी गटात आहेत, तेव्हा पुन्हा थांबा. तपासणीत सीएएच निघाला आणि हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या लागल्या तर त्यालाही टीयूई लागते.

एसआरवायचा नमुना गालाच्या आतल्या बाजूचा किंवा रक्ताचा. गालाचा असेल तर आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, मग पाण्याने चूळ. काडी दोन्ही गालांच्या आतून घासायची, टोकाला बोट लावायचं नाही, आणि नळीवरचं नाव व बारकोड ओळखपत्राशी स्वतः ताडून मगच सही. पीसीआर, म्हणजे डीएनए शोधण्याची पद्धत, अतिशय संवेदनशील असल्यामुळे काडी हाताळणाऱ्या पुरुषाचा डीएनए लागला तरी वाय दिसू शकतो. म्हणून पॉझिटिव्ह आला की दुसरा ताजा नमुना मागायचा. उलट बाजूनेही बघा: नमुन्यात मानवी डीएनए पुरेसा होता हे दाखवणारं नियंत्रण जनुक रिपोर्टमध्ये नसेल तर निगेटिव्हलाही अर्थ नाही. अस्थिमज्जा भावाची घेतलेली असेल तर रक्तात आणि गालाच्या नमुन्यातही त्याच्या पेशी सापडतात. गर्भात मुलगा असताना आईच्या प्लाझ्मात त्याचं वाय असतं. यातलं काही लागू असेल तर नमुना देण्याआधी लेखी कळवा.

तिसरी लेन

एक भर. रिपोर्ट खेळाडूच्या हातात यायला हवा, प्रशिक्षकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर नाही. ट्रॅकसाइड, तुम्हालाही हे लागू. नमुना देण्याआधी जनुकीय समुपदेशकाशी एकदा बोलणं व्हावं, कारण पॉझिटिव्ह निकाल खेळापुरता राहत नाही. काही अवस्थांत पोटातल्या ग्रंथींना कर्करोगाचा धोका असतो, काही वेळा बहिणींचीही तपासणी करावी लागते. फ्रान्समध्ये तर खेळासाठी अशी जनुकीय चाचणी कायद्यातच बसत नाही, ती देशाबाहेर करून घ्यावी लागते. संमतीपत्रावर निकाल कोण बघणार आणि नमुना किती काळ ठेवणार हे लिहिलेलं नसेल तर ते लिहून घेतल्याशिवाय सही करू देऊ नका.